डब्यातली बटणं

मेतकुटाची बाटली, आईचे दोन सुती गाऊन आणि लॅपटॉप एवढं पिशवीत भरून कीर्ती शनिवारी दुपारी शोळिंगनल्लूरच्या त्या वृद्धाश्रमात पोचली. फाटकाच्या कडीला हात लावला तर चटका बसला. अग्निनक्षत्राचे, म्हणजे मे महिन्यातल्या काहिलीचे दिवस होते. चेन्नईत या दिवसांत दुपारी कावळासुद्धा आवाज करत नाही. तिचं ऑफिस इथून जवळच, त्याच मोठ्या रस्त्यावर होतं. आठवडाभर तिथे स्क्रीनकडे बघून डोळे चुरचुरत होते, आणि सुटीच्या दिवशी ती पुन्हा तेच करायला आली होती. पण हे काम तिनं स्वतःहून मागून घेतलं होतं. आईसाठी.

इथे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात दोरीला एक बटण असतं. ते दाबलं की आयांच्या टेबलावर बेल वाजते आणि स्क्रीनवर नाव उमटतं. महिन्यापूर्वी तिची आई, शशिकलाबाई, रात्री खाटेवरून उतरताना पडली. तिनं बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, पण बेल काही वाजली नाही. सकाळी अलमेलू नावाची आया कॉफी घेऊन गेली तेव्हा आई फरशीवर, भिंतीला टेकून बसलेली होती. कुठे खरचटलंही नव्हतं. नशीब थोर, असं सगळे म्हणाले. कीर्तीला मात्र त्या दिवसापासून नीट झोप लागली नव्हती. डोळा लागला की आईचा अंगठा दिसायचा, बटणावर दाबून दाबून पांढरा पडलेला.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती.

"आलीस? किती दमलेली दिसतेस गं."

"तू आधी हे सांग, मागच्या वेळचं मेतकूट उघडलंसुद्धा नाहीस?" बाटलीच्या झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"भूकच नसते आताशा. तहान मात्र लागते." आईनं गळ्यातलं बटण चाचपलं. "हे दाबते मी. कुणी येत नाही. बघ ना एकदा."

"आज नक्की करते. पाणी देऊ?"

"आत्ता नको. तू आधी ते कर."

ऑफिसच्या खोलीत व्यवस्थापक व्यासराजमामा नव्हते. ते तंजावरकडचे जुने मराठी. एका लग्नासाठी गावी गेले होते आणि आज दुपारी परतणार होते. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "मी आल्याशिवाय हात लावू नकोस, कीर्तीअम्मा. वेंडाम." नको म्हणजे नको. पण जुन्या माणसांना नव्या गोष्टींची भीती वाटतेच, असं म्हणून तिनं ते कानाआड केलं. मामा आले की तासभर गप्पा, मग कॉफी, आणि उद्याचा रविवारही गेला असता.

बटणांच्या नावांचा इथला डेटाबेस फार जुना होता. त्यात कुणी काहीही टंकलं तरी चालून जायचं. कीर्ती ती नावं ज्यात भरत होती तो नवा डेटाबेस मात्र शिस्तीचा. त्याला प्रत्येक अक्षर ओळखीचं लागतं. एक जरी अनोळखी आलं तरी सगळी भरणी तिथेच थांबते. आणि ती थांबतच होती. कीर्तीनं नावं उघडून पाहिली. कितीतरी नावांत मधेच एक मोडकं अक्षर होतं, काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हासारखं. कुमुदिनी, उमाकांत, सईबाई. आईची इथली जुनी शेजारीण कुमुदिनीबाई वारल्याला वर्ष होऊन गेलं होतं, तरी तिचं नाव होतं. इथे कुणाचंही नाव पुसायचं नाही अशी रीत होती. न जाणो, कधी कुणी विचारत आलं तर.

त्या मोडक्या नावांतच आईचंही नाव होतं.

म्हणून बेल वाजत नव्हती तर! कीर्तीला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस उरावर बसलेली गोष्ट केवढीशी निघाली. तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. मोडकं अक्षर सापडलं की काढायचं, जुन्या कागदांवरून खरं अक्षर बसवायचं. काम कंटाळवाणं होतं. पंखा गरगरत होता, पाठीला घामानं ब्लाउज चिकटला होता. पण अखेर नवा डेटाबेस कुरकुर न करता सगळी नावं गिळून बसला. तिनं तो सुरू केला आणि डोळे मिटून मान मागे टाकली.

लगेच बेल वाजली.

बाहेर आयांच्या टेबलावर अलमेलू बसली होती. स्क्रीनकडे बघून ती तमिळमध्ये पुटपुटली, "अय्यो."

"काय झालं, अलमेलूअक्का?"

"कुमुदिनीम्मा," ती म्हणाली. "पाणी मागतात."

"काहीतरीच काय! जुनं बटण असेल कुठेतरी दाबलं गेलेलं."

"मागच्या व्हरांड्यात आहे, डब्यात. त्यातले सेल मीच काढले होते."

पुन्हा बेल. उमाकांत. मग सईबाई. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी संकोचानं दार वाजवावं तसा. कीर्ती मागच्या व्हरांड्यात गेली. देवाच्या फळीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. झाकण उघडताच कापराचा आणि जुन्या खोबरेल तेलाचा वास आला. आत दोऱ्या गुंडाळलेली बटणं होती, सगळी पाठीमागून उघडी, सेलची जागा रिकामी. ती बघत असताना एक बटण आत दबलं. आपोआप, सावकाश, जसं म्हातारं बोट दाबेल तसं. आणि सुटलं.

तिच्या मागून अलमेलू आली. हातात ताट होतं, ताटात पाण्यानं भरलेले स्टीलचे पेले. तिनं ते डब्यासमोर ठेवले आणि कीर्तीचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

"तिथं थांबायचं नाही, अक्का. लाजतात ती."

"तुला… हे ठाऊक होतं?"

"आधी व्हायचं असं. या दिवसांत घसा कुणाचा कोरडा पडत नाही?"

थोड्या वेळानं ताट परत आलं. पेले रिकामे होते. अलमेलूनं एक पेला कीर्तीपुढे तिरपा धरला. "हे बघ. जिवंत माणूस प्याला की तळाशी थेंब राहतो, काठ ओला राहतो. हे आतून बघ."

पेला आतून फडक्यानं पुसल्यासारखा कोरडा होता.

फाटक वाजलं. व्यासराजमामा हातात प्रवासाची पिशवी घेऊन तसेच उभे राहिले. आत बेल वाजत होती, आणि ती ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"काय केलीस गं अम्मा तू हे…"

"मामा, नावं मोडलेली होती. मी नीट केली."

"मोडलेली नव्हती. मी मोडली होती." ते तिथेच बाकावर बसले. "माणूस जायचं, पण बेल वाजत राहायची. वायरवाले येऊन गेले, काही सापडलं नाही. मग एकदा कुमुदिनीबाईंच्या नावात चुकून भलतंच अक्षर पडलं, आणि त्यांची बेल थांबली. तेव्हापासून कुणी गेलं की त्या नावात एक अक्षर मोडून ठेवतो. दाराला कडी लावावी तसं. आता पुन्हा मोड एकेक."

"नवा डेटाबेस मोडकं अक्षर घेतच नाही, मामा."

"मग जुनं परत चालू कर."

"आणि आईची बेल? तिचं नावही तुम्ही चुकून मोडलंत. म्हणून तर ती रात्रभर फरशीवर…" तिचा आवाज चढला आणि मधेच बसला. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

मामांनी चष्मा काढला. तो धोतराच्या टोकानं पुसला.

"शशिकलाबाईंच्या नावाला मी हात लावला नाही," ते हळूच म्हणाले. "जिवंत माणसाचं नाव मी कसं मोडेन? आपोआप मोडलं असेल तर… मोडतं ते गेलेल्यांचंच…"

अलमेलू खाली बघत होती.

"आईंचं जेवण महिनाभर तसंच परत येतं," ती म्हणाली. "मी तुला सांगणार होते, अक्का. रोज ठरवायचे…"

बेल वाजली. स्क्रीनवर नाव उमटलं: शशिकला.

कीर्ती उठली. तांब्यातलं पाणी तिनं पेल्यात ओतलं. आईची खोली काही लांब नव्हती, पण तेवढं अंतर ती सावकाश चालली, परीक्षेच्या दिवशी शाळेत जायची तशी.

"वाजली बाई एकदाची!" आई हसली. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. नेहमीसारखा उसासा टाकला. नेहमीसारखं पदरानं तोंड पुसलं. सगळं नेहमीसारखं होतं.

कीर्तीनं पेला घेतला. त्यात बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण बोट आपसूकच आत गेलं, तळाशी फिरलं, काठावरून फिरलं.

व्हरांड्यातून मामांची दबकी हाक आली. "कीर्तीअम्मा… जुनं चालू करू ना?"

आई तिच्याकडे बघत होती. वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"नको, मामा," कीर्ती म्हणाली. "राहू दे. चालू राहू दे." तिनं तो कोरडा पेला पुन्हा भरला.

"आता सगळ्यांची वाजते ना गं?" आईनं विचारलं.

"हो आई."

"बरं झालं. कुमुदिनी रोज रात्री येऊन विचारायची, तुझी मुलगी कधी येणार म्हणून."