मेणावरचे पांढरे ठिपके

बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात. मी जुनी बोलकी यंत्रं, म्हणजे फोनोग्राफ, गोळा करायला लागलो. नवापूरच्या माझ्या घरात अशी तीन आहेत. भंगारातून आणलेलं शेवटचं सर्वांत देखणं. फटीत जुना आणा टाकायचा, रबरी नळ्या कानांत घालायच्या, की मेणाचं नळकांडं फिरतं आणि दोन मिनिटं आवाज येतो. मला मात्र त्यात नुसती खरखर ऐकू यायची.

येसूबाई दारावर मासळी घेऊन यायची. तिचा नवरा रामा दिवाळीत समुद्रात गेला तो परतलाच नाही. होडी नाही, प्रेत नाही. एका दुपारी गंमत म्हणून मी नळ्या तिच्या कानांत घातल्या. तिच्या हातातली पाटी सुटली.

“भाऊ, रामा हाय! वाट चुकलो, बोलतो. वल्ही मारतोय.”

शंभर वर्षांपूर्वीचं मेण ते! मी परोपरीने समजावलं. ती ऐकेना. रोज मासळी संपली की ती यायची, डोळे मिटून ऐकायची. कधी हसायचीसुद्धा.

तिच्या घरी दिराने तगादा लावला होता: प्रेत नाही तर पिठाचा पुतळा करू, क्रिया उरकू. येसूबाई कुंकू पुसायला तयार नव्हती.

“किनाऱ्याचे दिवे दिसले त्याला,” ती एकदा म्हणाली. “दिराला सांगितलं, दोन दिस थांब.”

त्याच संध्याकाळी मेणावर पांढरे ठिपके दिसले. इथल्या दमट हवेत बुरशी धरते आणि बुरशी मेण खाते. माझा हात कसला थांबतोय! मऊ फडक्याने सगळं पुसून काढलं. बोटांना कण टोचले. जिभेला लावून पाहिले.

मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी येसूबाईने दोनदा ऐकलं.

“नाय बोलत. पान्याचा आवाज पन नाय.”

मी पुसल्याचं कबूल केलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“तुमी मुद्दाम थोडंच केलंत,” म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

तिसऱ्या दिवशी क्रिया झाली. तिचं अंगण माणसांनी भरलं होतं. तिच्या हातांत बांगड्या नव्हत्या. मला बघवेना. घरी येऊन मी ढसाढसा रडलो.

मग आणा टाकला. नळ्या कानांत घातल्या.

खरखर नव्हती.

दमलेला श्वास होता. ओली पावलं वाळूवरून आली, मग सारवलेल्या अंगणात थांबली.

“येसू,” अगदी कानाशी पुरुषाचा आवाज आला. “आपल्या दारात मानसं का जमलीत? कोन गेलं?”