विश्वंभर महाराजांची हार्डडिस्क

ही ऐकीव गोष्ट नाही. अशफाक माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला, आणि तो उगाच काही बोलत नाही. जवळा बाजारला त्याचं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी हे घडलं.

अनुसयाबाई ऑटोतून काँप्युटर घेऊन आल्या. त्यांचे मालक विश्वंभर महाराज, गोड गळ्याचे कीर्तनकार, माघात गेले. त्यांची सगळी कीर्तनं त्या एका डब्यात. दुसरीकडं कुठंच नाहीत.

"चालूच व्हईना गेलं बाबा. काय टाकायचं ते नवं टाक, पण ह्यांचा आवाज जाऊ देऊ नको. नात जन्मली अन् हे गेले. तिला काय ऐकवू?"

"बिनघोर ऱ्हा, मावशी. विंडोज सी ड्राइव्हमधी बसतंय, तेवढंच पुसायचं. कीर्तनं डीमधी ठिवा म्हणून महाराजांला मीच सांगितलं व्हतं."

त्यानं पेनड्राइव्ह लावला. यादीत डिस्क दिसली. सी निवडलं, फॉरमॅटवर बोट नेलं...

डिस्क यादीतून गायब.

केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. दिसली. फॉरमॅट...

गायब.

केबलच बदलली.

तेच.

"महाराज रुसले वाटतं," अशफाक हसत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. "काहून पुसू देईना गेले, ते बघ की."

अशफाकनं डिस्क सोडवून आपल्या मशीनला जोडली. डी उघडलं.

रिकामं.

मग सीमधला डेस्कटॉप उघडला... सगळी कीर्तनं तिथंच. डोळ्यासमोर असावीत म्हणून महाराजांनी स्क्रीनवरच ठेवलेली. एकदा जरी फॉरमॅट झालं असतं, तर...



अशफाकनं आधी सगळं उतरवून घेतलं. मग बाईंसाठी शेवटची फाईल लावली. टाळ... वीणा... आणि महाराजांचा आवाज.

बाईंचा पदर तोंडाशी गेला.

"ह्या अभंगावर ह्यांनी कीर्तन केलंच न्हाई कधी. यंदाच्या सप्त्यात करणार व्हते. त्याच्या आधीच..."

पहिलं चरण चालू असतानाच आवाज तुटला.

अशफाकनं कीर्तनं भरून काँप्युटरला नवी डिस्क बसवून दिली. जुनी पुसायची त्याची छाती झाली नाही. ती टेबलाच्या खणात ठेवली, कशालाच न जोडता.

पुढच्या बाजाराला बाई हजर. "पुढचं आलं काय रे?"

"असं कुठं येत असतंय, मावशी?" त्यांची समजूत पटावी म्हणून त्यानं डिस्क जोडली.

कीर्तन दुसऱ्या चरणावर आलं होतं...

परवा त्यानं मलाही ऐकवलं. मी कीर्तनवेडा माणूस, गावोगावचे सप्ते ऐकलेले. आवाजातली माया तीच. सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. अंगावर काटाही आला.

बाई दर बाजाराला येतात, डोळे मिटून ऐकतात. सुखात दिसतात. हल्ली मात्र फार वाळल्यात. परवा भिंतीला धरून दुकानाची पायरी चढल्या.

शेवटचं चरण सुरू झालंय.

ते संपलं की कीर्तनकार देवाजवळ मागणं मागतो.

महाराज काय मागतील, याचा विचार मी करत नाही...

पण झोप लागत नाही.