चार नंबरच्या कपाटातला खुळखुळा

आमच्या वस्तुसंग्रहालयात माणसं येतात ती पंख्यासाठी. खोटं कशाला बोलू? भोकरदनला बाजाराला आलेली मंडळी उन्हानं जीव मेटाकुटीला आला की आत शिरतात, पंख्याखाली उभी राहतात, अन् मी बघतोय म्हणून एखाद्या फुटक्या मडक्यापुढं उगंच मान डोलावतात. तीन खोल्या, नऊ कपाटं. मागं केळणा नदी, अन् तिच्या काठाला ते टेकाड, ज्याच्या पोटातनं हे सगळं निघालं. दोन हजार वर्षांमागं तिथं मोठं शहर होतं म्हणतात. मी भुजंग, इथला पहारेकरी. अकरा वर्षं फडकं मारून मारून एकेक वस्तू तोंडपाठ झालीय. भुताखेताचं मला सांगू नका. अकरा वर्षांत इथं पालीशिवाय काही हललेलं मी पाह्यलं न्हाई.

त्या उन्हाळ्यात माझं डोकं दुसरीकडंच होतं. माझी शीतल बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेलीच न्हाई. लेकरू सातव्या महिन्यात झालं, मुलगी. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. जगली, बाळसं धरलं, हसायला लागली. पण हाक मारली तर बघेना. परात पडली, बघेना. दारात कुणाच्या तरी लग्नाची फटाक्याची माळ लागली, अन् ही आपली निवांत अंगठा चोखून राह्यली. जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही कानांची शंका आहे, महिन्यानं परत आणा.

वडीगोद्रीहून विहीणबाई, गिरिजाबाई, फोनवर एवढंच बोलल्या, "आधी तपासणी होऊ द्या. मंग बारसं, मंग बाकीचं."

बाकीचं म्हंजे माझी लेक नांदायला न्यायची का न्हाई, ते. जावई कल्याणराव माणूस सोन्यासारखा, पण आईपुढं त्याच्या तोंडाला कुलूप. आठ महिन्यांचं लेकरू, अन् त्याला अजून नाव न्हाई. आम्ही छकुली म्हणायचो. शीतल दिवसभर तिच्या मागं उभी राहून टाळ्या वाजवायची.

एका मंगळवारी दुपारी शीतल डबा घेऊन आल्ती, छकुली कडेवर. आत चिटपाखरू न्हवतं. मी जेवायला बसलो. तिनं पंख्याखाली सतरंजी टाकली अन् लेकराला बसवलं.

"बाबा," ती म्हणाली, "ही कुणाकडं बघून राह्यली?"

छकुलीनं मान वळवली होती. चार नंबरच्या कपाटाकडं. त्यात जुन्या लेकरांची खेळणी आहेत: मातीचा मेंढा, गाडीची चाकं, अन् लिंबाएवढा एक खुळखुळा. नावालाच खुळखुळा. बुडाला भोक पडून आतले खडे कधीच गळालेत. पाटीवर तसं लिहिलंय, अन् मी तो शेकडो वेळा हातात घेतलाय. वाजत न्हाई.

"काचेवर ऊन चमकलं असंल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीचा पडदाच ओढून घेतला. तरी ती तिकडंच वळली. अन् नुसती बघत न्हवती. पाय उडवत होती. तीन झटके, मंग थांबायची. परत तीन झटके, परत थांबायची. कुणीतरी ठेका धरलाय अन् ही त्याला साथ देतीय, असं.

मला रागच आला. माणसाला उगंच आशा लागते, अन् ती मोडली की मंग लेकीच्या तोंडाकडं बघायचं कसं? म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. शीतलला लेकरू घेऊन व्हरांड्यात पाठवलं. कपाट उघडलं. नियमात बसत न्हाई, ठाऊक आहे मला. पुठ्ठ्याची तीन सारखी खोकी घेतली अन् तीन भिंतींपाशी पालथी ठेवली. एकाखाली खुळखुळा, दोन मोकळी.

"आण आत."

शीतल तिला घेऊन मधोमध उभी राह्यली. छकुलीनं मान वळवली. बराबर त्याच खोक्याकडं.

तिला बाहेर पाठवून मी जागा बदलली. परत बराबर. पाच वेळा केलं. पाचही वेळा.

"बाबा, हिला ऐकू येतं!" शीतलला रडूच फुटलं. मंग डोळे पुसता पुसता ती थबकली. "पण मला का काही ऐकू येत न्हाई?"

मी वाकून खोक्याला कान लावला. काही न्हाई. नुसता वास. ओल्या मातीचा, भर वैशाखात.

अन् तेवढ्यात छकुलीची नजर खोक्यावरून उठली.

वर गेली. उभ्या बाईच्या तोंडाएवढ्या उंचीवर थांबली. तिथनं ती हळूहळू खोली ओलांडून आमच्याकडं यायला लागली. मी शपथेवर सांगतो, तिथं काही न्हवतं. मागची भिंत स्वच्छ दिसत होती.

लेकराचे पाय थांबले.

नजर आता पार जवळ आली. शीतलच्या खांद्यापाशी.

छकुलीनं मान कलती केली. कान पुढं केला. डोळे मिटले.

कानावरचं जावळ एकदा हललं.

"छकुले!" शीतल किंचाळली.

छकुली दचकली, अन् तिनं आईकडं पाह्यलं.

आईकडं! जन्मल्यापासून पहिल्यांदा हाकेला वळली पोरगी. मी मागनं टाळी वाजवली, ती माझ्याकडं वळली. डब्याचं झाकण फरशीवर आपटलं, तर असं भोकाड पसरलं की काय सांगू! आम्ही बापलेक तिथंच फरशीवर बसलो. हसून राह्यलो, रडून राह्यलो, अन् झाकण परत परत आपटून राह्यलो. खुळखुळा मी जागेवर ठेवला, कपाटाला कुलूप घातलं अन् दोनदा ओढून बघितलं, ते काही मी शीतलला सांगितलं न्हाई.

जालन्याची तपासणी पंधरा दिवसांनी झाली. दोन्ही कान चांगले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर जन्मलेल्या लेकरांचं कधीकधी उशिरा जमतं. मी म्हटलं, बिलकुल मान्य. मला दुसरं काही विचारायचंच न्हवतं. तो कागद मी छातीच्या खिशात ठेवला अन् दवाखान्याबाहेर उसाचा रस दोन गिलास प्यालो. अंगावरनं मोठा धोंडा उतरल्यागत वाटलं.

विहीणबाई स्वतः गाडी घेऊन आल्या. शीतलची ओटी भरली. लेकराला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यांच्या तोंडी हे दोन शब्द म्हंजे लई झालं. मी मनातनं सगळं सोडून दिलं.

बारसं वडीगोद्रीला केलं. अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, म्हंजे कल्याणरावच्या धाकट्या बहिणीचा, प्रीतीचा. ती पाळण्यात वाकली. बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून तयार. पण प्रीती नुसतीच वाकलेली.

"अगं, सांग की! नाव विसरली का काय?" कुणीतरी म्हणालं, अन् मांडव हसला.

मंग तिनं "कुर्रर्र" केलं, धपाटे बसले, अन् प्रियदर्शनी नाव ठेवलं. छकुली खुदकन हसली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

जेवणं झाल्यावर मी निघालो. प्रीती घुगऱ्यांची पुडी द्यायला फाटकापर्यंत आली. तोंड उतरलेलं होतं.

"मामा, हसू नका," ती म्हणाली. "मी वाकले तवा पाळण्यात आधीच कुणीतरी वाकलेलं होतं. दिसलं न्हाई मला. पण गालाला गाल लागला. थंडगार."

मी मागं वळून बघितलं. ओसरीवर शीतल लेकराला घेऊन बसली होती. कल्याणराव समोर टाळ्या वाजवत होता, अन् छकुली टाळीगणिक त्याच्याकडं बघून हसत होती. विहीणबाई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्त्या.

"मंग?" मी हळू आवाजात विचारलं. "तू काय केलं?"

"थांबले, मामा," प्रीती म्हणाली. "त्यांचं सांगून झाल्यावर मी माझं सांगितलं."