समोरची खोली

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती आणि दोन्हींवर सारखाच कागद – 'सभा, दर गुरुवारी, सहा वाजता.' खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलेलं होतं. पण चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या या बाईला ते वाचायचं सुचलं नाही. जिने चढून तिला धाप लागली होती आणि आल्या पावली परत फिरावं असं मनात आलंच होतं...

"सभेलाच ना? या."

उंच, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर ग्रीसचा डाग. खालची बंद लिफ्ट हाच दुरुस्त करत असणार. त्याने डावीकडचं दार तिच्यासाठी उघडून धरलं आणि ती मुकाट्याने आत गेली. देखण्या माणसामागे जाऊन वाट चुकणारी ती काही जगातली पहिली नव्हती.

बसल्यावर तिला उलगडा झाला. ही खोली पिणाऱ्यांची नव्हेच, पिणाऱ्यांच्या घरच्यांची. पिणारे समोरच्या खोलीत. लिफ्टवाला आपल्या वडिलांबद्दल बोलला, न चिडता, न रडता. मग सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले.

"माझी... माझी धाकटी बहीण पिते," ती म्हणाली.

धाकटी बिचारी सरबतापलीकडे कधी गेली नव्हती. "ताई, एकदा जाऊन तर बघ," म्हणून महिनाभर मागे लागून हा पत्ता तिनेच शोधून दिला होता.

खरं बोलून समोरच्या खोलीत जायला दुसरा गुरुवार होता, तिसरा होता. पण डावीकडच्या खोलीत सभेनंतर चहा असायचा आणि चहापाशी तो असायचा.

"तुमच्या बहिणीमुळे आमचं एक भलं झालं," तो म्हणाला.

"ते काय?"

"सभेला कोणीतरी हसणारं आलं."

"मी कुठे हसते?"

"माझा विनोद पडला, की हसता. बाकीचे तेवढीही दखल घेत नाहीत."

ती हसली. घरी जाईपर्यंत हसत होती. आणि घरी गेल्यावर चादरींच्या घडीखालची बाटली काढून, हे सगळं आठवत आठवत पीत बसली. तिला त्याची ओढ लागली होती, खरीखुरी, पण दारू जिथल्या तिथेच होती.

मग बुधवारी दुकानात एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्यात काच बसवताना हात थरथरला आणि काचेला तडा गेला. बाईंकडे तो एकच चष्मा. मालक ओरडले नाहीत. "काही दिवस काचांना हात लावू नकोस," एवढंच म्हणाले. अकरा वर्षं ती तेच काम करत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी सकाळी तिने डॉक्टर गाठला आणि सगळं खरं सांगितलं. तिथूनच, डॉक्टरने दिलेल्या पिणाऱ्यांच्या सभेच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या बाई बरंच काही बोलल्या. ते तिने लिहून घेतलं. संध्याकाळी साडेपाचलाच ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन उभी राहिली. तो आला.

"माझी बहीण पीत नाही," ती म्हणाली. "मी पिते."

तो म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या गुरुवारपासून. बाटली कुठे सापडली, हे घरच्यांना माहीत असतं. पहिला घोट उतरला की हाताची थरथर कशी थांबते, हे तुम्ही सांगितलंत. ते आम्हाला कसं कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तिसऱ्या गुरुवारी यायचंच नाही असं ठरवलं होतं. आईचे हाल पाहिलेत मी. पिणाऱ्या माणसात पुन्हा जीव गुंतवायचा नाही, म्हणून शपथ घेतली होती." तो ओशाळून हसला. "आणि आलो. दाढी करून आलो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "फार आवडता. पण फोनवरच्या बाई म्हणाल्या, पहिलं वर्ष नवं प्रेम नको. एक नशा सोडायची आणि दुसरी धरायची, असं होतं म्हणे."

"आणि तुम्ही ऐकणार?"

"ऐकणार."

"मी... मध्ये काही बोललो तर?"

"तरी ऐकणार."

त्याने मान डोलावली. "बरं. मी इथेच असतो, डावीकडे. शिवाय या इमारतीच्या लिफ्टचं काम बरंच आहे."

"वर्षभर पुरेल एवढं?"

"पुरवतो ना."

ती उजवीकडच्या दाराकडे वळली. या वेळी दार तिचं तिनेच उघडलं. आत नऊ माणसं होती. आपली पाळी आल्यावर ती उभी राहिली. सगळं सांगून होईपर्यंत ती खाली बसली नाही.

बाहेर आली तेव्हा डावीकडची सभा चालूच होती. त्याचा आवाज ऐकू येत होता. बहुतेक विनोद सांगत होता, कारण कोणीच हसत नव्हतं. थांबावंसं तिला फार फार वाटलं. एक पाय त्या दाराकडे वळलासुद्धा. मग ती पायऱ्या उतरू लागली. पुढच्या गुरुवारी तिला स्वतःसाठी यायचं होतं.