मध्येच जाणारा आवाज

दुरुस्तीच्या दुकानात मालक, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, असतील म्हणून मी बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर कसाबसा उचलून नेला, तर तिथे त्यांचा भाचा. त्याने दारातच माझ्या हातातलं ओझं घेतलं.

"काय होतंय याला?"

"मध्येच आवाज जातो, मग आपोआप येतो. दादा म्हणतो, मीच तारा नीट दाबत नाही. शनिवारच्या कार्यक्रमाला तो दुसरा बेसवाला बघतोय."

दादा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, बँडमध्ये ड्रम वाजवतो. बँडही त्याचाच.

"वाजवा बघू."

मी बराच वेळ वाजवलं. अ‍ॅम्प अगदी शहाण्यासारखा वागला.

"मी खोटं नाही बोलत."

"मी कुठे तसं म्हटलं?" तो हळूच म्हणाला. "इथे रुसत नाही, म्हणजे तिथेच काहीतरी खुपतंय त्याला. सरावाला येऊ?"

तो आला. दादाच्या कपाळावर आठ्या. हा मात्र अ‍ॅम्पमागे मांडी ठोकून बसला. एका गाण्यात दादाने मोठा ड्रम हाणला आणि माझा आवाज गेला. मी घाबरून वळले — तर तो हसत होता.

"जरा नुसता मोठा ड्रम वाजवा," तो दादाला म्हणाला.

मी एकच सूर वाजवत राहिले. धप् — आवाज गेला. धप् — आला. मग त्याने अ‍ॅम्पमागच्या दोन रिकाम्या सॉकेटमध्ये एक आखूड वायर जोडली. धप्, धप्... आवाज जागचा हलला नाही.

"या सॉकेटमधली, आवाज पुढे नेणारी पत्ती सैल झालीय; आत्ता वायर तिचं काम करतेय. ड्रमच्या हादऱ्याने सुटते. यांच्या बोटांचा काही दोष नाही. बोटं तर..." तो थांबला. कान लाल झाले होते.

दादा खाकरला. "शनिवारी तूच वाजव," एवढंच म्हणाला.

पत्ती बदलून अ‍ॅम्प परत आला, शनिवार झकास गेला. रविवारी मी फोन लावला.

"पुन्हा बंद पडला?" त्याच्या आवाजात काळजी होती... की आशा?

"नाही. मस्त वाजतोय."

"मग?"

"मग काय... तुम्हाला बोलवायला तो बिचारा बिघडायलाच हवा का?"

मग तो म्हणाला, "कालपासून कारण शोधतोय मी फोन करायला. एकही सुचलं नाही. नुसताच आलो तर?"

मी 'या' म्हणणार होते. तोंडून 'ये' निघालं.

"आलोच," तो म्हणाला.