नकाशावरचा कोरा डोंगर

नकाशात आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांवर रंगीत ठिपके होते. भेकर, साळिंदर, उदमांजर, बिबट्या. एकट्या शेवरवाडीचा डोंगर तेवढा कोराकरकरीत. आणि शरयूने तर तिथे खवले मांजर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हे कसं?" तिने मागोवाला विचारलं. मागोवा म्हणजे वन्यप्राण्यांचा नकाशा करत गावोगाव हिंडणारा सहा पायांचा यंत्रमानव. या डोंगरातून नवा रस्ता जाणार होता, उद्या त्यावर मंजुरीचा शिक्का बसायचा होता, म्हणून तो शेवटची फेरी मारायला आला होता.

"कोरी जागा म्हणजे तिथे प्राणी नाहीत, असं नव्हे," मागोवा म्हणाला. "आमच्याकडे नोंद नाही, एवढंच. शोधून न सापडणं वेगळं आणि न शोधणं वेगळं. घाईत बघणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच दिसतं. इथे आम्ही नुसतं गावाला विचारलं. सगळे म्हणाले, काही नाही."

शरयूने आजोबांकडे, तात्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. खवल्यांच्या लोभाने शिकारी आले होते, त्या वर्षी गावाने देवीपुढे शपथ घेतली होती, की त्या जनावराचं नाव परक्यापाशी काढायचं नाही. देवीपुढे नारळ ठेवला होता तात्यांनीच.

"तात्या, आपण गप्प राहिलो तर ते मरेल," शरयू म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

"बोललो तरी मरंल, बाय," तात्या म्हणाले. मग मागोवाकडे वळून त्यांनी विचारलं, "तुझ्या नकाशात बीळ दिसलं, तर चोरालाही दिसंल ना?"

"नाही. अशा प्राण्यांची नेमकी जागा आम्ही कुणालाच दाखवत नाही. अख्खा डोंगर मावेल एवढा चौकोन रंगवतो. रस्ता आखणाऱ्याला कळतं, की इथे थांबायला हवं. चोराला कुठे खणायचं ते कळत नाही."

तात्यांनी उठून गावाला देवळात बोलावलं, सगळं समजावलं आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "आई, शपथ मोडत नाय. तेव्हा जे राखायचं होतं, तेच आज राखतोय." गावाने होकार दिला, पण कुणाच्याच तोंडावर हसू नव्हतं.

ऊन कलायच्या आत तात्यांनी मागोवाला बिळापाशी नेलं. तोंडाशी ताजी उकरलेली माती होती. मागोवाने चिमूटभर उचलली आणि तिच्यातल्या कातडीच्या कणांमधला डीएनए (प्रत्येक सजीवाच्या पेशींत असलेला त्याचा आराखडा) वाचला.

"मादी आहे," तो हळूच म्हणाला. "आणि तिचं एक पिल्लू."

शरयूने तात्यांचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी शिक्का बसला नाही. रस्ता डोंगराला वळसा घालून नेता येईल का, ते आधी तपासायचं ठरलं. नकाशावरचा चौकोन रंगला, बीळ मात्र कुठेच दिसत नव्हतं.

तात्यांनी खाडीपलीकडच्या दुसऱ्या एका कोऱ्या डोंगरावर बोट ठेवलं. "तिथली माणसंही आमच्यासारखीच गप्प असतील," ते म्हणाले. "तुला नाय सांगायची. मला सांगतील."

मागोवा निघाला, तेव्हा तात्या काठी घेऊन त्याच्या पुढे चालत होते.