नामिएपर्यंतची सोबत

गाडीत जागेवरचा दिवा लाल, म्हणजे जागा रिकामी. मी बसले आणि माळ हाती घेतली. टोक्योचं उएनो स्टेशन सुटलं, दिवा हिरवा झाला... आणि कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. ती जागा त्याने घेतली होती!

माळ पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. कानकोंडी होऊन मी मास्कवरून नुसतं वर पाहिलं.

"होऊ द्या माळ," तो चक्क मराठीत म्हणाला. "उभा आहे मी."

काचेवर मार्चचा गार पाऊस. तो खरंच उभा राहिला! माळ झाली तशी मी खिडकीकडे सरकले.

"माफ करा हं... पण तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या पिशवीवर मराठी अक्षरं दिसली. आणि बाबाही माळेवर असताना हूं की चूं करत नाहीत. आई जपानी. तिला वर्षभर वाटायचं, नवरा रोज सकाळी रुसतो!"

मला हसू फुटलं. त्याचं नाव मयूरेश. मी सुरुची, सेंदाईला संशोधन करते. तो मात्र वाटेत नामिएलाच उतरणार होता. का कोण जाणे, ते ऐकून बरं वाटलं नाही.

"ही जोबान लाइन," तो काचेवर बोट ठेवून सांगू लागला, "हिच्यावरून टोक्योला कोळसा जायचा. भूकंपात तुटली. समुद्राने नेलेले रूळ आत सरकवून घातले, एकेक स्टेशन जोडत आणलं. नऊ वर्षांनी आज पुन्हा सेंदाईपर्यंत थेट गाडी!"

"किती प्रेमाने बोलता..."

"जळलात?"

"इश्श! रुळांवर कोण जळेल?"

त्याने डबा पुढे केला.

"आज माझा शनिवार," मी म्हणाले.

त्याच्या पिशवीतून भाजलेलं रताळं निघालं. "हे चालतं ना? आजीसाठी घेतलंय. नामिएच्या फलाटावर झेंडा घेऊन उभी असेल ती. अर्धं तुमचं."

तोमिओका स्टेशननंतर, भूकंपावेळच्या अणुभट्टीच्या अपघातात सोडून दिलेली बंद घरं दिसू लागली, अंगणांत माणसाएवढं गवत. पण रुळांकडेला लोक छत्र्या सावरत गाडीला हात हलवत होते. हे रूळ पुन्हा घालणाऱ्यांसाठी माझे हात आपोआप जुळले. तो माझ्याकडे बघत होता.

नामिए जवळ आलं. तो उठला, घुटमळला.

"उतराल? आजीला भेटायला..."

"थट्टा करता?"

"थट्टा करताना माझे कान लाल होत नाहीत."

मी पाहिलं. लालबुंद! पुढची गाडी केव्हा, सरांना काय सांगू, लोक काय म्हणतील... दार उघडलं.

"पिशवी धरा माझी," मी म्हणाले.

फलाटावर इवलीशी आजी, हातात झेंडा. तिने आधी मला न्याहाळलं, मग नातवाला. "ही कोण रे?"

"ही... म्हणजे..." मयूरेश अडखळला.

मी वाकून तिच्या पायांना हात लावला.

"सुरुची," हळूच जपानीत म्हणाले. "सेंदाईला चालले होते, आजी. तुमच्या नातवासाठी उतरले."